दाजींची शिडाची शाळा

आमच्या गावाला जावई पन्नास असतील, पण नुसतं ‘दाजी’ म्हणलं की माणूस एकच. बाकीचे जावई सणासुदीला येतात, खातात, रुसतात आणि आपल्या वाटेनं जातात. हे आले ते राह्यलेच.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे मालक. आक्का माझी थोरली चुलतबहीण, मुंबईत नर्स होती. दाजी कोकणातले, जन्म खाऱ्या पाण्याकाठचा आणि उभी नोकरी जहाजावर. ते रिटायर झाले तशी आक्का म्हणली, “तीस वर्षं तुमच्या पाण्याकाठी राह्यले. आता माझ्या पाण्याकाठी चला.” आक्काचं पाणी म्हणजे तेर गावाच्या अंगाला असलेलं आमचं धरण. दाजींनी टेम्पोत संसार भरला आणि संसाराच्या वर एक शिडाची होडी उलटी बांधली. टेम्पो गावात शिरला त्या दिवशी धरणाच्या पोटात गावातल्या बब्रूवानच्या म्हशी चरत होत्या. पाणी म्हणून थेंब नव्हता.

दाजींनी काठावर उभं राहून ते सगळं बघितलं आणि मला विचारलं, “भरती कधी येते?”

मी म्हणलं, “दाजी, आमच्याकडं भरती दोन-चार वर्षातून एकदा येते. ओहोटी तेवढी रोज असते.”

मी मेहुणी. दाजींची खोडी काढायचा मला परवानाच होता. त्यात गावातली पिठाची गिरणी माझी, आणि माझं माहेर-सासर एकाच गावात, मधी एक बोळ. त्यामुळं दाजींनी सकाळी काय केलं ते दुपारी माझ्याकडं दळणाबरोबर यायचं.

आणि दाजी रोज काहीतरी करायचेच. पहाटे उठून बोट ओलं करून अंगणात उभे राहायचे आणि घराकडं तोंड करून जाहीर करायचे, “पश्चिमेचा वारा, मध्यम, दुपारी वाढेल.” आतनं आक्का म्हणायची, “वाढू द्या. तवर दूध आणा.” दूध आणायला निघाले की वाटेत दिसेल ते जनावर थांबवून बघायचे. जनावराशी त्यांना देणंघेणं नव्हतं, दाव्याची गाठ बघायचे. “ही काय गाठ आहे?” असं म्हणून ती सोडायची आणि आपली जहाजाची गाठ मारायची. गाठ अशी की म्हशीनं जीव दिला तरी सुटायची न्हाई, आणि मालकानं जीव दिला तरी सुटायची न्हाई. बब्रूवानची म्हैस एकदा दुपारपातूर उन्हात बांधलेली राह्यली. शेवटी तो दाजींच्या दारात येऊन म्हणला, “दाजी, तुमी जावई हाय म्हणून बोलत न्हाई. पण म्हैस माझी हाय.”

जावई हाय म्हणून. सगळी मेख तिथंच होती. कोकणात काय चालतं मला माहीत न्हाई, पण आमच्याकडं एकाचा जावई तो गावाचा जावई. त्याला वाकडं बोलायचं न्हाई, त्याचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाई. हे दाजींना कळायला सहा महिने लागले. कळल्यावर मात्र त्यांनी गावाचा पार भुगा केला.

झालं असं की त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. तीन वर्षातून एकदा येणारा हा अधिक महिना म्हणजे जावयाची चंगळ. आक्काच्या आईनं, म्हणजे आमच्या मोठ्या आईनं, पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे ताटात रचले, आणि भावकी जमवून विचारलं, “जावईबापू, वाण काय देऊ? अंगठी करू का कापडं घेऊ?”

दाजींनी अनारसा खाली ठेवला. म्हणले, “मला सहा माणसं द्या.”

मोठ्या आईला वाटलं, शेतात कामाला पाहिजेत.

“सहा मोठी माणसं. तिसाच्या पुढची. महिनाभर, रोज सकाळी दोन तास. मी त्यांना शिडाची होडी शिकवणार. तीन पायऱ्यांचा कोर्स आहे. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. प्रत्येकीला परीक्षा.”

सगळ्यांनी खिडकीतनं धरणाकडं बघितलं. तिथं धूळ उडत होती. पण धोंड्याच्या महिन्यात ताटावर बसलेल्या जावयाला न्हाई म्हणायची कुणाची छाती? सहा माणसं दिली. त्यात एक बब्रूवान, एक मी, आणि बाकीचे चौघं भावकीतले, ज्यांना नेमकं त्या दिवशी जेवायला यायची दुर्बुद्धी झाली होती.

आता ह्या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण सांगते, कारण ते आम्हाला सहाच्या सहा जणांना पहिल्या दिवसापासनं माहीत होतं. कारण होतं आक्का. आक्का लग्नापासनं एकदाबी दाजींच्या होडीत बसली नव्हती. एकदाबी न्हाई म्हणजे, एकदाच बसली होती. लग्न होऊन आठ दिवस झाले होते, अंगावर लग्नातलाच शालू होता, आणि दाजींनी नव्या नवरीला मोठ्या हौसेनं खाडीत नेलं. वाऱ्याचा झोत आला. दाजी म्हणले, दोर सोड. आक्कानं भेदरून तो आणखी घट्ट धरला. होडी कलंडली, आक्का शालूसकट पाण्यात.

“आणि मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले ना,” आक्का सांगायची, “तर ह्या माणसानं लागलं का म्हणून विचारलं न्हाई. पहिला शब्द काय, तर ‘दोर का सोडला नाहीस?’ त्या दिवशी म्हणलं, तुमच्या हाताखाली पुन्हा होडीत बसले तर नावाची न्हाई. माझ्या माहेरचं माणूस हाकत असंल तर बघू.”

ती चिडून बोलली होती. दाजींनी ते मनावर लिहून घेतलं. तीस वर्षांनी हा माणूस तिच्या माहेरात येऊन माहेरच्या माणसाला होडी हाकायला शिकवत होता. मी त्यांना तोंडावर म्हणलं, “दाजी, एवढं करण्यापरास माफी मागा की.” दाजी म्हणले, “माफी मागायला काय, पण सोडायला पाहिजेच होता तिनं दोर.”

पहिली पायरी धरणाच्या कोरड्या पोटात झाली. ट्रॅक्टरची मोठी ट्यूब हवा भरून मातीत ठेवली, तिच्यावर होडी, होडीत आम्ही दोघं दोघं. म्हणजे जरा हललं की होडी खरंच डुलायची. अंगात नारिंगी जाकिटं, कारण दाजींचा नियम, जाकीट घातल्याशिवाय होडीला हात लावायचा न्हाई, मग पाणी असो नसो. उन्हाळ्याचं ऊन, भेगाळलेली जमीन, आणि त्यात आम्ही बुडू नये म्हणून जाकिटं घालून बसलेलो. वरच्या रस्त्यानं एसटी जायची ती हमखास थांबायची. एकदा कंडक्टरनं वरनं हाक मारली, “ओ, पाणी कुठंय?”

दाजींनी खालनं उत्तर दिलं, “वाटेत आहे. तुम्ही पुढं व्हा.”

शिडाच्या खाली एक आडवा दांडा असतो. होडी वळली की तो झपकन ह्या बाजूचा त्या बाजूला जातो आणि मधी येईल ते डोकं फोडतो. तो फिरायच्या आधी सुकाणू धरणाऱ्यानं ओरडायचं, “डोकं!” आणि बाकीच्यांनी कोण का असंना, मान खाली घालायची. ‘डोकं’ हा शब्द गावाला इतका आवडला की तो होडीपुरता राह्यलाच न्हाई. सासू येताना दिसली की सुना एकमेकीला म्हणायच्या, डोकं! चावडीत साहेब आला, डोकं! पण दाजींसमोर कुणी ‘डोकं’ ओरडलं तरी दाजी वाकायचे न्हाईत. शिकवताना ते दांड्याच्या पल्ल्याबाहेर ताठ उभे असायचे. म्हणायचे, “जहाजावर चाळीस वर्षांत मी कुणाच्या हुकमानं मान खाली घातली नाही.”

पण आमची खरी गोची वेगळीच होती. आम्ही सगळी बैलांची माणसं. बैल उधळला की काय करायचं? कासरा वढायचा. जेवढा उधळंल तेवढा वढायचा. ते आमच्या हाडात बसलेलं. होडीचं सगळं उलटं. वाऱ्याचा झोत आला की दोर ढिला सोडून शिडातलं वारं सांडायचं आणि सुकाणूचा दांडा आपल्यापासनं लांब ढकलायचा, म्हणजे होडी वाऱ्याकडं तोंड करून गप उभी राहाते. दाजी बांबूनं शीड हलवून झोत आणायचे आणि आम्ही सहाच्या सहा जण जीव खाऊन वढायचो. ट्यूबवरनं होडी धाडकन मातीत. “ओढायचं नाही, ढकलायचं!” दाजी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचे. आमच्याकडनं ते शंभर शंभर वेळा म्हणून घ्यायचे. मी गिरणीत दळताना म्हणायचे, वढायचं न्हाई, ढकलायचं. गिऱ्हाइकं पिठाचा डबा धरून दोन पावलं मागं सरकायची.

महिन्याच्या शेवटी बब्रूवानचा हात एकदाचा वळला. जरा जास्तच वळला. आठवडी बाजाराच्या दिवशी मोटरसायकलच्या हॉर्ननं त्याचे बैल उधळले, आणि बब्रूवाननं इमानानं कासरा ढिला सोडून दोन्ही हात पुढं ढकलले. गाडी सरळ वांग्याच्या ढिगात. बागवानानं गचांडी धरली तर हा म्हणतो, “मामा, थांबा, मी वारं सांडत होतो.” बब्रूवान पहिली पायरी पास झाला.

मी नापास. दाजींची एक वही होती, त्यात माझ्या नावापुढं लिहिलं होतं, ‘वारा उत्तम कळतो. हात ऐकत नाही. पुन्हा बसावे.’

वारा मला कळणारच. आमच्या आईनं मला खळ्यावर तिवईवर उभं करून उपणायला शिकवलेलं. पाटीतली रास वाऱ्यावर सोडायची, दाणा पायाशी पडला पाहिजे आणि भुसा शेजाऱ्याच्या डोळ्यात. दाजींनी डोलकाठीला रेशमी फीत बांधली होती वारं बघायला. मी मूठभर भुसा उडवला आणि फीत हलायच्या आधी सांगितलं, “आता फिरणार.” वारं फिरलं. दाजींनी फीत सोडून पुन्हा बांधून बघितली. दुसऱ्या दिवशी होडीत फितीशेजारी भुश्याची पिशवी टांगलेली होती.

पाणी दुसऱ्या पावसाळ्यात आलं. रात्रीत आलं आणि सकाळी गाव काठावर. दाजी तर लहान लेकरासारखे रडले. मला वाटलं आता कुणी थांबवत न्हाई ह्यांना. पण न्हाई, आधी मला पहिली पायरी पास व्हावं लागलं, ट्यूबवरच, पाच हातावर खरं पाणी असताना. मग दुसरी पायरी पाण्यात. चौघं भावकीवाले तवर पांगले. राह्यलो बब्रूवान आणि मी. बब्रूवानला पाण्यात बैलासारखं पव्हता यायचं, म्हणून त्याला होडी उलटायची भीती न्हाई, म्हणून तो ती रोज उलटवायचा. माझी उलटायची न्हाई. पण झोत आला की हात वढायचा तो वढायचाच. परीक्षेच्या दिवशी झोत आला न्हाई, म्हणून तेवढी दुसरी पायरी पास झाले. दाजी काठावरनं असलं काय काय बोलायचे की बगळे उठायचे.

आक्का पहिल्या पायरीपासनं रोज काठावर बसून शेंगा फोडायची, न्हाईतर चहाचा थर्मास घेऊन यायची. होडीकडं पाठ करून बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “मला काय करायचंय त्या खेळाचं?”

अशात पुढचा धोंडा आला, पावसाळा सरताना, धरण काठोकाठ. मोठ्या आईनं पुन्हा तेहतीस अनारसे रचले, पण ह्या वेळी कुणाचं लक्ष ताटात नव्हतं. आक्काच्या लेकीचा नागपूरहून फोन आला होता. आक्काचे गुडघे गेले होते, दाजींचं बीपी, दोघंच म्हातारी माणसं. दिवाळी झाली की लेक गाडी घेऊन येणार आणि दोघांना कायमचं नेणार, असं ठरलं होतं. होडीला तर बोलीबी लागली होती, एका हॉटेलवाल्याला ती दारात कुंडीसारखी ठेवायची होती.

“वाण काय देऊ?” मोठ्या आईनं विचारलं.

दाजी ताटाकडं बघत म्हणले, “एकदा तुमची लेक होडीत बसवा. बास.”

आक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मोठी आई नव्वदीची, पण तिनं चुलीकडं तोंड करून हुकूम सोडला, “धोंड्याचं वाण हाय. न्हाई म्हणायचं न्हाई.”

आक्का म्हणली, “कोण हाकणार?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. दाजी म्हणले, “तीच तिची तिसरी पायरी. आक्काला घेऊन पलीकडच्या काठाला जायचं आणि परत यायचं.”

“आणि तुमी?” आक्कानं विचारलं.

“मी काठावर.”

“तोंड बंद ठेवून?”

दाजींनी हातातला अनारसा ताटात ठेवला. “तोंड बंद ठेवून.”

दाजी वारून आता वरीस झालं. मला अजून त्यांचा राग येतो, रागापरास आठवण जास्त येते, आणि आठवण आली की पहिल्यांदा त्या सकाळचं त्यांचं तोंड डोळ्यापुढं येतं. गाव काठावर जमलेलं. दाजींनी गळ्यातली शिकवायची शिट्टी बब्रूवानकडं दिली, स्वतःचा रुमाल तोंडात धरला, आणि हात मागं बांधून उभे राह्यले. बब्रूवानला सांगितलं होतं, मी पाण्यात शिरायला लागलो तर मला धर.

जाताना काही झालं न्हाई. भुसा उडवला, वारं सांगितलं, शीड भरलं. आक्का जाकीट घालून पुढं बसली होती, दोन्ही हातांनी कड धरून, ओठ घट्ट. निम्म्यात गेल्यावर तिनं एक हात सोडला. मग तो हात पाण्यात घातला. पलीकडचा काठ आला, मी “डोकं!” म्हणलं, आक्का वाकली, होडी वळली. माझं मलाच खरं वाटंना.

आणि परत येताना झोत आला. मोठा आला. होडी एका अंगाला झुकली, पाणी आत आलं, आणि माझ्या हातानं इतक्या वर्षांचं शिक्षण धुऊन टाकलं. मी सुकाणूचा दांडा छातीशी वढला. होडी आणखी कलली.

“ढकल गं!” आक्का किंचाळली. “वढतीस काय भवाने, ढकल! दोर सोड!”

मी आ वासून तिच्याकडं बघतेय. गुडघे गेलेली ती बाई दोन ढांगात मागं आली, माझ्या हातातला दांडा धरून लांब ढकलला, दोर ढिला केला. होडी फडफडत सरळ उभी राह्यली. आक्का धापा टाकत होती.

“तुला कसं येतं?” मी म्हणलं.

“दोन वर्षं शेंगा फोडतीय तिथं,” आक्का म्हणली. “मला कान न्हाईत व्हय? सरक.”

मी सरकले. आक्कानं सुकाणू धरलं ते काठापातूर सोडलं न्हाई. काठावर दाजींच्या तोंडातला रुमाल गळून पडलेला मला लांबनं दिसला, पण आवाज आला न्हाई. आक्काचं सगळं बरोबर चाललं होतं. एक तेवढं चुकलं. काठ जवळ आला की दोर सोडून शिडातलं वारं काढायचं असतं. गाव जवळ आलं, माणसं दिसायला लागली, आणि आक्का भेदरली. तिनं दोर आणखी घट्ट धरला. होडी तशीच भरल्या शिडानं येऊन चिखलात घुसली आणि आम्ही दोघी गुडघाभर पाण्यात. आक्का लुगड्यासकट खाली बसली. हातात दोर, मूठ आवळलेली.

सगळ्यांना ती खाडीतली गोष्ट पाठ होती.

दाजी बूट घालूनच पाण्यात शिरले. बब्रूवाननं त्यांना धरलं न्हाई. ते आक्कापाशी आले, तिच्या मुठीतल्या दोराकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडलं. मी मनात म्हणलं, झालं, आता घोडं पेंड खाणार.

“लागलं का गं?” दाजी म्हणले.

आक्का वर बघत राह्यली. मग म्हणली, “दोर सोडला न्हाई मी.”

“असू दे,” दाजी म्हणले. “धर.”

मला काय रडू फुटलं म्हणून सांगू! बब्रूवान तर नाक पुसत जोरजोरात शिट्टीच वाजवायला लागला. आक्का उठली, लुगडं पिळलं, आणि दाजींना म्हणली, “बसा पुढं.” त्यांच्याच होडीत, त्यांना. दाजी मागं सुकाणूकडं जायला लागले तर तिनं नुसतं बोट दाखवलं, पुढं. दाजी जाकीट घालून पुढं बसले, दोन्ही हात मांडीवर. बब्रूवाननं होडी ढकलली. पाण्यात पन्नास पावलं गेल्यावर आक्कानं होडी वळवली आणि धरणाच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ओरडली, “डोकं!”

आणि दाजींनी अख्ख्या सासरवाडीदेखत मान खाली घातली. शीड वरनं फिरून गेलं तरी ती बराच वेळ तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी निकाल विचारायला गेले. दाजी ओसरीवर वही घेऊन बसले होते. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, ‘पुन्हा बसावे.’ खाली आक्काचं नाव नवीन घातलं होतं, आणि तिच्यापुढं तिन्ही पायऱ्या एकदम पास.

“हा अन्याय हाय,” मी म्हणलं. “आणि तुमचं काय? तोंड बंद ठेवलं, मान घातली. तुमी कितवी पास?”

दाजींनी वही मिटली. “ते माझ्या हातात नाही. तिला विचार.”

आक्का आत लेकीशी फोनवर बोलत होती. फोन कानाला तसाच धरून तिनं आतनं सांगितलं, “ते अजून पहिलीत हायेत. बघू, पुढल्या धोंड्यापातूर काय सुधारतात का.” मग फोनमध्ये म्हणली, “न्हाई गं बाई, गाडी कशाला आणतीस? तुला यायचं तर जाकीट घेऊन ये.”